बट्टीच्या गळ्यातलं दावं

पोळ्याच्या आदल्या दिवशी एरंडोलच्या बाजारात दोरखंडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घुंगुरमाळा, शिंगांना लावायचा हिंगूळ, बेगड. २०२४ साली पोळा २ सप्टेंबरला, सोमवारी आला होता. रविवारी संध्याकाळी मी त्या गर्दीत शिरलो आणि म्हणालो, "गळ्यातला पट्टा द्या, लहान."

"वासरासाठी का सर?"

"नाही. कुत्रीसाठी."

दुकानदाराने मोजायला घेतलेला कासरा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्याचंही बरोबर होतं. आमच्या गावात कुत्री भरपूर, पण ती गल्लीची असतात, माणसाची नसतात. सकाळी एका दारात भाकरी, दुपारी दुसऱ्याच्या ओट्याखाली झोप, रात्री सगळ्या गल्लीची राखण. त्यांना कोणी बांधत नाही आणि फिरवत तर नाहीच, ती आपली आपण फिरतात. शेवटी त्याने वासराच्या गळ्यात बांधायचा तांबडा पट्टा काढून दिला. त्याला दोन घुंगरं होती. बरोबर दोन मीटर नायलॉनची दोरी. "घुंगरू फुकट," म्हणाला, "सणाचं आहे."

ही खरेदी करायची वेळ आमच्या थोरल्या मुलीमुळे आली. जून महिन्यात ती एका लग्नाला आली होती. महामार्गावर, म्हणजे पूर्वीचा हजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, त्याच्या कडेला एका बंद टपरीखाली तिला हे पिल्लू दिसलं. पाऊस चालू होता आणि शेजारून ट्रक जात होते. चार-पाच महिन्यांचं, मातकट रंगाचं, कान उभे राहू की नको अशा विचारातले. पोरीने ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. त्या दिवशी घरात दाल-बट्टीचा बेत होता. तीन बट्ट्या त्या पिल्लाने उभ्या उभ्या संपवल्या, म्हणून नाव बट्टी. आमच्या गावाला जुनी माणसं एकचक्रानगरी म्हणतात, भीमाने बकासुर इथेच मारला असं मानतात, त्यामुळे शेजारच्या बायका तिला लगेच बकासुरीण म्हणायला लागल्या.

थोरली पुण्याला परत गेली ती बट्टीला दिवाळीत न्यायचं ठरवूनच. तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. सोसायटीचा नियम असा की जिन्यात, लिफ्टमध्ये, आवारात कुत्रा पट्ट्याशिवाय दिसता कामा नये. "पप्पा, तोवर तिला पट्ट्यावर चालायला शिकवून ठेवा ना. तुम्ही एवढी पोरं शिकवलीत." जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. मी हो म्हणालो.

शिवाय मला वाटत होतं की विषय माझ्या ओळखीचा आहे. डी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपराला पाव्हलॉव्हचा कुत्रा हमखास यायचा. घंटा, अन्न, लाळ. आकृतीसह स्पष्ट करा. मी ती आकृती इतक्या वेळा काढली होती की झोपेतही काढली असती. त्या आकृतीत कुत्रा चौकटीला पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्या पट्ट्यांची सवय त्याला कशी लावली, हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी विचारलं.

पोळ्याच्या दिवशी बैलांची मिरवणूक गेल्यावर मी तो तांबडा पट्टा बट्टीच्या गळ्यात बांधला. घुंगरू वाजलं. ती दचकली, म्हणून पुन्हा वाजलं. ती पळाली, मग ते वाजतच राहिलं. सगळं अंगण फिरून ती बाजेखाली शिरली आणि तिथून नाक सुद्धा बाहेर काढेना. घुंगरं मी पक्कडीने काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दोरी लावली, फाटक उघडलं, "चल बट्टी" म्हणालो आणि चाललो.

दोरी ताणली गेली. मागे वळून बघतो तर बाई बसलेल्या. पुढचे दोन्ही पाय लांब रोवलेले, मान खाली, कान मागे, पार्श्वभाग जमिनीला चिकटवलेला. मी ओढलं तशी ती मागे रेटायला लागली. मी आणखी ओढलं तेव्हा ती बसल्या जागेवरून, बसल्या अवस्थेतच, वीतभर पुढे सरकली. पाऊस होऊन गेलेला होता. ओल्या मातीत तिच्या नखांच्या रेघा उमटल्या, औताने तास काढावेत तशा.

समोरच्या ओट्यावर जिभाऊ बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, हयात बैलांत गेलेली. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुत्रीले फिरावतस का कुत्री तुम्हले फिरावस?"

मी काही बोललो नाही. आठ दिवस हेच चाललं. फाटकापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत मोजून चाळीस पावलं आहेत. त्यातली सात-आठ पावलं व्हायची, मग बैठक. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो. तो रिक्षा हळू करून विचारून गेला, "सर, नापास झाली का?"

सल्लागार खूप भेटले. गल्लीत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी तरुणपणी श्वान पथकाचे कुत्रे जवळून पाहिलेले. त्यांनी १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या वेळी आरडीएक्स हुंगून काढणाऱ्या 'जंजीर' या लॅब्रॅडॉरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "झटका द्यायचा. खांद्यातून नाही, मनगटातून. टच! दोन दिवसांत सुतासारखी सरळ." मी चार दिवस झटके दिले. हे लिहायला जड जातंय, पण दिले. दुसऱ्या दिवशी तिने दोरी बघूनच जागेवर लघवी केली. मी ते बेशिस्त समजलो. शाळेतही सुरुवातीच्या वर्षांत असल्या गोष्टींना मी बेशिस्तच समजत असे.

झटक्याची ही पद्धत कुठून आली ते थोरलीने नंतर फोनवर सांगितलं. जर्मनीत कोनराड मोस्ट नावाचा अधिकारी पोलिसांचे कुत्रे तयार करायचा. त्याने १९१० साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे दोन महायुद्धांत सैन्याच्या कुत्र्यांबरोबर ती शिकवण जगभर गेली. तिची पकड सुटायला बराच काळ गेला. कॅरन प्रायर नावाच्या अमेरिकन बाईंचं कुत्र्यांच्या शिकवणीतलं नावाजलेलं पुस्तक १९८४ चं, आणि त्या मुळात हवाईत डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला दावं कुठे बांधणार? झटका कुठे देणार? रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो, विषय संपला. त्यामुळे हातात दोनच गोष्टी राहतात, शिट्टी आणि मासा. हवं ते केलं की लगेच शिट्टी, पाठोपाठ मासा. "पप्पा, असं समजा की बट्टी डॉल्फिन आहे," थोरली म्हणाली. हे ऐकून बायको स्वयंपाकघरात हसत सुटली.

मासा आमच्या घरात येत नाही. भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांना तुपाचा हात लावायचा, असं ठरलं. मी एका हातात दोरी, दुसऱ्या हातात वाटी घेऊन कुत्रीच्या मागे अंगणभर फिरू लागलो, तेव्हा बायकोने दारातून हात जोडले. "नामदेव महाराज, दूध उतू जाईल, जरा गॅस बंद करून या."

तुपामुळे थोडी प्रगती झाली. पंधरा पावलं, अठरा पावलं. मग अनंत चतुर्दशी आली.

१७ सप्टेंबरची संध्याकाळ. मिरवणूक आमच्या गल्लीतून जात नाही, मागच्या रस्त्याने जाते, म्हणून मला वाटलं, अजून वेळ आहे, कडुनिंबापर्यंत एक चक्कर होईल. आम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मागच्या रस्त्यावर डीजे सुरू झाला. खिडक्यांची तावदानं थरथरतात तसला. बट्टी वळली. मी दोरी घट्ट धरली, कारण सोडली तर पळेल ही भीती. ती मागे मागे सरकत गेली, मान खाली घातली, कान चपटे केले आणि सदऱ्यातून डोकं काढावं तसं त्या पट्ट्यातून डोकं काढून घेतलं. माझ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला तांबडा पट्टा, आणि बट्टी गल्लीच्या तोंडाशी एक ठिपका.

देशी कुत्र्याची मान आणि डोकं जवळजवळ एकाच घेराचं असतं. उलटं सरकलं की साधा पट्टा निघतो. हे मला त्या दिवशी कळलं.

दोन रात्री ती नव्हती. मी अंजनी नदीच्या काठाने फिरलो, बस स्टँडवर बघितलं, धरणगाव रस्त्याने गेलो, शेवटी मन घट्ट करून महामार्गाच्या कडेने चालत गेलो. तिथे काही पडलेलं दिसलं की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग ते पोतं किंवा टायर निघायचं. हिने दोन दिवस बट्ट्या केल्या नाहीत, आणि का केल्या नाहीत ते बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जिभाऊंनी हाक मारली. त्यांच्या खळ्यात पऱ्हाटीचा जुना ढीग आहे, त्याच्या पोकळीत ती शिरून बसली होती. मी हाक मारली तर आली नाही. मी जमिनीवर बसलो, वाटी पुढे ठेवली, तोंड दुसरीकडे केलं. बऱ्याच वेळाने हाताला ओलं नाक लागलं.

पऱ्हाटीतून ती गोचिडांचा बाजार घेऊन आली होती. दुपारी ओसरीवर उजेडात बसून मी एकेक गोचीड चिमट्याने काढून साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात टाकत होतो. कानामागून मानेवर आलो आणि बोटांना काही वेगळं लागलं. केस बाजूला सारले. मानेभोवती, कानांच्या खाली तीन बोटांवर, सुतळीएवढ्या जाडीचा एक वण होता. पूर्ण गोल. त्यावर केस नव्हते, कातडी गुळगुळीत आणि जरा पांढुरकी, एका जागी गाठ आलेली. वरचे केस दाट, म्हणून तीन महिन्यांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी तिथे बोट ठेवलं तसं तिने डोळे मिटून घेतले आणि अंग आखडलं.

रेबीजची लस देऊन घ्यायचीच होती म्हणून मी तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या पुढे एक म्हैस होती, तिचं झाल्यावर त्यांनी बट्टीची मान चाचपली. "दोरी रुतली होती, सर. पिल्लू महिन्या-दीड महिन्याचं असताना कोणीतरी नायलॉनची दोरी बांधतो. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. कातडीत घुसत जाते. वासरांत पण बघतो मी हे. हिची कोणीतरी कापलीय, नाहीतर तुटली असेल. नशीब."

मी दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिलो. मी दिलेला प्रत्येक झटका त्या वणावर बसला होता. बाजारातून मी आणलेली दोरी नायलॉनचीच होती. तिला चालायचं नव्हतं असं मी धरून चाललो होतो. दोरीचं एक टोक गळ्याशी आणि दुसरं माणसाच्या हातात असलं की पुढे काय होतं, याचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा होता.

घरी आल्यावर तांबडा पट्टा खुंटीला टांगला तो कायमचा. थोरलीने छातीचा पट्टा, हार्नेस, मागवायला सांगितला, ज्यात ओढ गळ्यावर येत नाही, छातीच्या हाडावर येते, आणि उलटं सरकून सहज निघता येत नाही. माप हवं होतं. हिने ब्लाउजचा टेप आणला. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर एकवीस इंच. "बारीक आहे," ही म्हणाली, जणू काही शिवायलाच घ्यायचं होतं.

हार्नेस येईपर्यंतचे आठवडाभराचे दिवस मी जिभाऊंच्या ओट्यावर काढले. तिथे मला माझ्या डी.एड.पेक्षा जास्त मिळालं. मी त्यांना विचारलं, गोऱ्हा शिकवताना काय करायचात? ते म्हणाले, "गोऱ्हाले पयलाच दिन औतले जुपतस का, मास्तर?" मग सावकाश सांगत गेले. आधी नुसतं दावं गळ्यात, चारा खाताना. त्याला वाटलं पाहिजे की हे असलं की चारा येतो. मग एक हलकं लाकूड मागे ओढायला, रिकामं. ओझ्याची नाही, आवाजाची सवय. मग जू नुसतं मानेवर, पाच मिनिटं, आणि लगेच उतरवायचं, तो कंटाळायच्या आत. आणि मग खरी युक्ती. त्याला जुन्या बैलाच्या जोडीला लावायचं. जुना बैल वळला की तो वळतो, थांबला की थांबतो. माणूस नुसता मागे. "शिकाडस तो बैल," जिभाऊ म्हणाले, "आपण नुसतं नाव लावतस."

मी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं केलं. हार्नेस आल्यावर तो पहिले तीन दिवस फक्त जेवणाच्या वेळी अंगावर. ताटली खाली ठेवायची, हार्नेसच्या फटीतून घास दाखवायचा, डोकं तिने स्वतः आत घालायचं. मग सुती दोरी, नायलॉन नाही, नुसती मागे लोळत. दोन दिवस अंगणात ती ती दोरी मागे घेऊन हिंडली. कधी तुळशीवृंदावनाला अडकली की थांबून मागे बघायची आणि उलट फिरून सोडवून घ्यायची. हे मला फार आवडलं. ताण आला की मागे वळून बघायचं, रेटायचं नाही, हे ती कोणीही न शिकवता तुळशीकडून शिकली. मग मी दोरीचं टोक हातात घेतलं, पण चालायचं ती जाईल तिकडे. दोरीत झोळ राहिला पाहिजे, एवढाच माझा नियम. माझ्यासाठी, तिच्यासाठी नाही.

उरला जुना बैल. आमच्या गल्लीचा काळू हा म्हातारा कुत्रा आहे, एका कानाचा तुकडा गेलेला, चालतो पाटलासारखा. बट्टीचं त्याच्याशी बरं होतं. पहाटे साडेपाचला मी फाटक उघडलं की तो ओट्याखालून उठून आळस द्यायचा. मी त्याला पण तुपाचा तुकडा द्यायला लागलो. तिसऱ्या दिवसापासून मिरवणूक निघाली. पुढे काळू मोकळा, मागे बट्टी, तिच्या मागे झोळ पडलेली दोरी, आणि दोरीच्या शेवटी निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस पावलं, न बसता. मी कडुनिंबाला हात लावला, लहानपणी लपाछपीत लावायचो तसा.

आणि तिथे सगळं पुन्हा अडलं. कडुनिंबाच्या पुढे ती जाईना. आता बैठक नाही, रेटारेटी नाही, नुसतं उभं राहणं आणि हवेत नाक. मला आधी वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. मग काळूकडे बघितलं. काळूही तिथेच थांबला होता. त्याने झाडाच्या बुंध्याशी पाय वर केला आणि तो परत फिरला. दोन-तीन दिवस हेच बघितल्यावर उजेड पडला. कडुनिंब ही हद्द होती. पलीकडची गल्ली दुसऱ्या कुत्र्यांची. आम्हा माणसांना हद्दी सातबाऱ्यावर दिसतात, त्यांना वासात दिसतात.

यातली खरी अडचण शहरातल्या पुस्तकांत फारशी नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोकळं कुत्रं दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं तर त्याच्याकडे अनेक भाषा असतात. शेपूट खाली घालणं, अंग आडवं करणं, वळसा घालून जाणं, नाहीतर सरळ पळणं. दोरीला बांधल्यावर यातलं काहीच करता येत नाही. समोरून तीन कुत्री येतात आणि बांधलेल्या कुत्रीला ना वळता येतं, ना पळता येतं. त्यात माणूस घाबरून दोरी आवळतो, म्हणजे तिची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्यांना वाटतं ही भांडायलाच आलीय. आपण आगीत तेल ओततो आणि म्हणतो, कुत्री फार भांडखोर. देशी कुत्री पट्ट्यावर चालायला तयार होत नाहीत त्यात हट्टाचा भाग थोडा, हिशेब जास्त.

मग मी बट्टीच्या हिशेबाने चालायला लागलो. दुसऱ्या गल्लीत समोरासमोर न जाता रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, अर्धवर्तुळात, दोरी सैल ठेवून. तिथली कुत्री उठली की आपण थांबायचं, अंग तिरपं करायचं, जमिनीकडे बघायचं. त्यांच्या दिशेने दोन-चार तुकडे टाकून पुढे सरकायचं. काही दिवसांत पलीकडच्या गल्लीने आम्हाला कर घेऊन जाऊ द्यायला सुरुवात केली. बकासुराला गाडाभर अन्न पाठवणाऱ्या गावात हे काही नवीन नाही.

जिभाऊंना हा सगळा खटाटोप शेवटपर्यंत पटला नाही. "पांडव आठे ऱ्हायनात," ते एकदा म्हणाले, "धर्मराजाच्या कुत्र्याला कुठे होता पट्टा? गेला ना स्वर्गाच्या दारापर्यंत?" मी म्हणालो, "जिभाऊ, धर्मराज स्वर्गाला चालला होता. ही कोथरूडला चाललीय." त्यावर त्यांनी तंबाखू मळून होईपर्यंत विचार केला आणि मान हलवली.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, आम्ही अंजनीच्या पुलापर्यंत गेलो. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे खोटं नसतं. एकदा उशीर झाला तेव्हा परतीच्या वाटेवर ती पाय उचलून उचलून टाकू लागली. मी डांबरावर हाताचा पालथा पंजा टेकवून बघितला, पाच आकडे सुद्धा मोजता आले नाहीत. आम्हाला चपला असतात म्हणून कळत नाही. तेव्हापासून सूर्य वर यायच्या आत घरी.

मध्ये मध्ये ती बसायची, अजूनही. रेशन दुकानासमोर एकदा बावीस मिनिटं बसली होती, घड्याळ लावून सांगतो. रांगेतली माणसं रांग सोडून बघायला आली. मी ओढलं नाही. बाजूला उभा राहून पाटीवरचे तांदूळ-गव्हाचे आकडे वाचत बसलो. बावीस मिनिटांनी ती उठली, अंग झाडलं आणि चालायला लागली. का बसली, का उठली, मला माहीत नाही. शाळेतही अशी काही पोरं होती. त्यांच्याजवळ बावीस मिनिटं उभं राहायला तेव्हा सवड नव्हती, अभ्यासक्रम पुरा करायचा असायचा.

दिवाळीत थोरली आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फटाक्यांमुळे बट्टी कपाटामागून हललीच नाही, आणि कोणी तिला काढायला गेलं नाही. परीक्षा भाऊबीजेच्या पहाटे झाली. दोरी थोरलीच्या हातात दिली, मी मुद्दाम ओट्यावर थांबलो. काळू निघाला, बट्टी निघाली. कडुनिंबाशी काळू परत फिरला. बट्टीने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग थोरलीकडे बघितलं, आणि पुढे गेली. दोरीत झोळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गाडीने गेल्या. मागच्या सीटवर माझा जुना सदरा अंथरला होता. पुण्याला पोचल्यावर पहिला फोन आला तो लिफ्टबद्दल. लिफ्टच्या दारात तिने एरंडोलची जुनी बैठक मारली होती. "ओढू नको," मी म्हणालो. "नाही ओढलं, पप्पा. आम्ही जिन्याने आलो, चार मजले." पहिला महिनाभर दोघी जिन्यानेच चढल्या. आता लिफ्टने जातात.

तांबडा पट्टा अजून खुंटीवर आहे. नायलॉनची दोरी मात्र मी जाळून टाकली.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, मळ्यात, धाब्यावर एखाद्या पिल्लाच्या किंवा वासराच्या गळ्यात दोरी दिसली, तर तिच्याखाली आपली दोन बोटं सरकवून बघा. सहज गेली तर ठीक. नाही गेली तर मालकाला आजच सैल करायला लावा, आणि मालकच नसेल, पण दोरी अजून कातडीवरच असेल, तर हळूच कात्री लावा. कातडीत रुतली असेल तर हात न लावता डॉक्टरांकडे न्या.